मेंदू व मज्जारज्जूच्या इजेवरील संशोधनात सहभागी होण्यापूर्वी काय विचारावे?

थोरली_बहीण

नमस्कार. माझ्या धाकट्या भावाला अपघातात मानेच्या सहाव्या पातळीवर मज्जारज्जूची इजा झाली आणि त्याच वेळी डोक्यालाही मार लागला. या गोष्टीला आता वर्ष उलटून गेले आहे. त्याला मनगट वर उचलता येते, पण बोटांत पकड जवळजवळ नाही आणि पायांत हालचाल नाही. डोक्याच्या माराचे परिणाम बाहेरून दिसत नाहीत. मात्र तो लवकर थकतो, लांबलेल्या बोलण्याचा धागा त्याच्या हातून सुटतो आणि सकाळी ठरलेली गोष्ट संध्याकाळी आठवेलच याची खात्री नसते.

त्याच्या पुनर्वसन केंद्रातून आम्हाला दोन अभ्यासांची माहितीपत्रके देण्यात आली आहेत. पहिल्या अभ्यासात कोणताही उपचार नाही; काही वर्षे ठरावीक अंतराने एमआरआय, रक्ताचा नमुना आणि स्मरणशक्तीच्या चाचण्या एवढेच आहे. दुसरी उपचाराची चाचणी आहे. तिच्यात मानेच्या त्वचेवर इलेक्ट्रोड लावून विद्युत उत्तेजन दिले जाते आणि सोबत हाताचे व्यायाम करून घेतले जातात. परंतु सहभागींचे दोन गट असून कोणाला खरे उत्तेजन मिळेल हे संगणक ठरवणार आहे. याखेरीज एका परिचितांनी मूळपेशींचे इंजेक्शन देणाऱ्या एका दवाखान्याचे नाव सुचवले आहे. ते शुल्क घेतात आणि तरीही आपल्या उपक्रमाला संशोधनच म्हणतात.

भावाला ‘हो’ म्हणायचे आहे. आईवडिलांना वाटते की त्याच्यावर प्रयोग होऊ नयेत. संमतीपत्रावर सही त्याने करावी की आम्ही, एका अभ्यासात गेल्यास दुसऱ्याचे दार बंद होते का, आणि तुलनेच्या गटात पडल्यास सगळी खटपट वाया जाते का, या तीन गोष्टींवर अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

चाकांवरून

ताई, मला मानेची इजा होऊन बरीच वर्षे झाली आहेत आणि मी या दोन्ही प्रकारच्या अभ्यासांत भाग घेतलेला आहे, म्हणून माहितीपत्रकात सहसा न सापडणाऱ्या गोष्टींपासून सुरुवात करतो.

मज्जारज्जूच्या बहुतेक अभ्यासांत आरंभी आणि शेवटी एक प्रमाणित तपासणी होते. डोळे मिटून उताणे पडायचे असते. शरीराच्या प्रत्येक बाजूला 28 ठिकाणी आधी कापसाचा स्पर्श आणि मग सेफ्टी पिनचे टोक व बोथट बाजू लावून पाहतात, आणि टोचले की नुसते दाबले हे आपण सांगायचे. त्यानंतर प्रत्येक बाजूचे 10 स्नायू 0 ते 5 या मापाने तपासले जातात. शेवटी गुदद्वाराची तपासणी असते, कारण इजा पूर्ण आहे की अपूर्ण हे मज्जारज्जूच्या अगदी शेवटच्या भागातील संवेदना व आकुंचन यांवरून ठरते. हे अनेकांना टेबलावर पडल्यावरच कळते आणि मग फार संकोच होतो; आपल्या भावाला आधीच सांगून ठेवावे. या तपासणीतून ए ते ई अशी श्रेणी मिळते आणि चाचणीत प्रवेश बहुधा त्या अक्षरावर अवलंबून असतो.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. छातीच्या सहाव्या पातळीवर किंवा त्याहून वर इजा असलेल्यांचा रक्तदाब मूत्राशय तुंबणे, कॅथेटर पिळला जाणे, अशा साध्या कारणांनी एकाएकी धोकादायक पातळीला जाऊ शकतो. तपासण्या तासन्‌तास चालतात. चाचणीच्या ठिकाणी कॅथेटर बदलण्याची सोय आहे का, मधून बसण्याची स्थिती बदलून त्वचेवरचा दाब कमी करता येईल का आणि तेथील कर्मचाऱ्यांना या रक्तदाबाच्या झटक्याची लक्षणे ओळखता येतात का, हे पहिल्याच फोनवर विचारावे. उत्तर देताना समोरचा गोंधळला, तर मी पुढचे बोलणे थांबवतो.

उत्तेजनाबद्दल आपल्या अपेक्षा बेताच्या ठेवाव्यात, पण अगदी शून्यावर आणू नयेत. त्वचेवरून दिलेल्या उत्तेजनाची एक मोठी चाचणी 2024 मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात मानेची इजा असलेल्या 60 जणांनी आधी दोन महिने फक्त व्यायाम केले आणि मग दोन महिने व्यायामासोबत उत्तेजन घेतले. त्यांपैकी 72 टक्क्यांच्या हातांची ताकद आणि काम करण्याची क्षमता या दोन्हींत ठरवलेल्या निकषाइतकी सुधारणा दिसली. सहभागींपैकी काहींची इजा तीस वर्षांहून जुनी होती. मात्र त्या चाचणीत वेगळा तुलनेचा गट नव्हता, प्रत्येकाची तुलना त्याच्याच आधीच्या स्थितीशी केली होती. आपल्या भावासमोर आलेल्या चाचणीत दोन गट आहेत, ते कदाचित याच उणिवेमुळे. ‘सुधारणा’ म्हणजे काय, हेही समजून घ्यावे. चिमटीत किल्ली धरता येणे किंवा बाटलीचे झाकण फिरवता येणे ही त्यांच्या हिशेबी मोठी प्रगती असते, आणि माझ्याही हिशेबी आहे. उठून चालण्याच्या आशेने कोणी तिथे गेला, तर चाचणी यशस्वी ठरूनही तो निराशच परतेल.

शंकेखोर

मूळपेशींच्या दवाखान्याविषयी लिहितो, कारण त्यावर कोणी बोलत नाही. प्रायोगिक उपचारासाठी रुग्णाकडूनच शुल्क मागितले जात असेल, तुलनेचा गट नसेल, अभ्यासाची नोंद कोणत्याही सार्वजनिक नोंदवहीत सापडत नसेल आणि मुख्य पुरावा म्हणून समाधानी रुग्णांचे व्हिडिओ दाखवले जात असतील, तर त्याला संशोधन म्हणणे मला मान्य नाही. नोंदणी तपासणे अवघड नाही; क्लिनिकलट्रायल्स डॉट गव्ह आणि जागतिक आरोग्य संघटनेचा शोधमंच हे दोन्ही सर्वांना मोफत खुले आहेत. तेथे नोंद असणे हे मान्यतेचे प्रमाणपत्र नव्हे, हेही ध्यानात असू द्यावे, कारण पैसे घेणारे काही दवाखानेही आपले उपक्रम तेथे नोंदवतात.

पेशी एकदा आत सोडल्या की परत काढता येत नाहीत. 2014 मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकात एका तरुणीची हकिगत प्रसिद्ध झाली होती. नाकातील अस्तराच्या पेशी तिच्या मज्जारज्जूत सोडल्यानंतर आठ वर्षांनी तिला पाठीत दुखू लागले, आणि शस्त्रक्रिया केल्यावर तेथे चिकट स्राव तयार करणारी गाठ आढळली. याचा अर्थ पेशींवरचे सगळेच संशोधन वाईट, असा नाही. भ्रूणाच्या मूळपेशींपासून बनवलेल्या, चेतातंतूंवर आवरण चढवणाऱ्या पेशींची पहिली अधिकृत मानवी चाचणी 2010 मध्ये सुरू झाली आणि पुढच्याच वर्षी कंपनीने व्यावसायिक कारणास्तव ती थांबवली; तरीही त्यात आलेल्या 5 जणांची तपासणी पुढे कित्येक वर्षे चालू राहिली. नेमका हाच प्रश्न आपण कोणालाही विचारू शकता: तुमचा निधी संपला तर माझ्या भावाकडे दहा वर्षांनी कोण पाहणार?

माजी_समन्वयक

मी मेंदूच्या इजेवरील अभ्यासांत समन्वयक म्हणून काम केले आहे, म्हणून आपल्या तीन प्रश्नांना क्रमाने उत्तरे देते.

सही शक्य तेथे आपल्या भावाचीच हवी. विस्मरण होते म्हणजे निर्णयक्षमता नाही, असे मुळीच नसते. पाहायचे इतकेच, की अभ्यास कशासाठी आहे, आपल्याला काय करावे लागेल, धोका कोणता आहे आणि ‘नको’ म्हटले तरी नेहमीचे उपचार चालूच राहतील, हे तो स्वतःच्या शब्दांत सांगू शकतो का. चांगली समन्वयक यासाठी दोन-तीन छोट्या बैठका ठेवते, त्याची तरतरीची वेळ विचारून घेते, माहिती लेखी देते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारते. पंचवीस पानी संमतीपत्र दुपारी उशिरा पुढे करून ‘इथे सही करा’ म्हणणारी संस्था दिसली, तर सरळ निघून यावे. बेशुद्ध रुग्णांच्या बाबतीत नातेवाईक सही करतात. पण रुग्णाची क्षमता परत आली की त्याची स्वतःची संमती नव्याने घेतली पाहिजे, हे तत्त्व माणसांवरील वैद्यकीय संशोधनाची नैतिक तत्त्वे सांगणाऱ्या, 1964 पासून चालत आलेल्या हेलसिंकी जाहीरनाम्याच्या आजच्या स्वरूपात स्पष्ट लिहिलेले आहे. आईवडिलांना बैठकीला जरूर न्यावे, फक्त त्याच्या वतीने उत्तरे देऊ देऊ नयेत.

एका अभ्यासाने दुसऱ्याचे दार बंद होते का, हे त्या त्या अभ्यासाच्या अटींवर ठरते. निरीक्षणाचा अभ्यास आणि उपचाराची चाचणी पुष्कळदा एकत्र चालतात, मात्र दोन्हीकडे कळवावे लागते. दोन उपचारांच्या चाचण्या एकाच वेळी सहसा चालत नाहीत, कारण फरक कशामुळे पडला हे मग सांगता येत नाही. आणि पूर्वी पेशींचे रोपण झालेल्या व्यक्तीला पुढच्या अनेक चाचण्या घेतच नाहीत. म्हणून मी कुटुंबांना नेहमी म्हणत असे, की जे काढून टाकता येते ते आधी करून पाहा. त्वचेवरचा इलेक्ट्रोड सोलून काढता येतो. शरीरात बसवलेल्या उपकरणासाठी पुन्हा शस्त्रक्रिया लागते. पेशींना तेही लागू नाही. संमती केव्हाही मागे घेता येते, असे प्रत्येक संमतीपत्रात लिहिलेले असते आणि ते खरेच आहे, पण त्याचा अर्थ प्रत्येक प्रकारात वेगळा होतो. तोवर जमा झालेली माहिती आणि रक्ताचे नमुने यांचे काय होईल, हेही त्यातच शोधावे.

तुलनेचा गट वाया जात नाही. डोक्याच्या माराला अनेक दशके स्टिरॉइड दिले जात होते, कारण सूज उतरेल हे सर्वांना पटत होते. ‘क्रॅश’ नावाच्या चाचणीत 10,008 रुग्ण घेतल्यानंतर 2004 मध्ये ती थांबवावी लागली: स्टिरॉइड मिळालेल्यांपैकी दोन आठवड्यांत 21.1 टक्के दगावले होते, तर न मिळालेल्यांपैकी 17.9 टक्के. तुलनेचा गट नसता तर हे कोणाच्याही लक्षात आले नसते. त्या चाचणीत ज्यांना ‘काहीच मिळाले नाही’, तेच सुदैवी ठरले. तथापि आपल्याला एक व्यवहार्य प्रश्न विचारता येतो: चाचणी संपल्यावर तुलनेच्या गटाला खरे उत्तेजन देणार आहात का? बऱ्याच ठिकाणी तशी सोय ठेवतात, पण ती लेखी असावी.

निरीक्षणाच्या अभ्यासाला लोक दुय्यम समजतात, याचे मला वाईट वाटते. डोक्याला मार लागल्यावर सीटी स्कॅन टाळता येईल का हे ठरवण्यास मदत करणाऱ्या रक्तचाचणीला अमेरिकेत 2018 मध्ये परवानगी मिळाली. तिच्यामागे सुमारे दोन हजार जखमी लोकांनी दिलेले रक्त आहे, आणि त्यांपैकी कोणालाही त्या बदल्यात उपचार मिळालेला नव्हता. अशा अभ्यासांत तुलनेसाठी डोक्याला मार न लागलेले नातेवाईक आणि मित्रही घेतले जातात, तेव्हा आपल्यालाही कदाचित विचारणा होईल. एमआरआयमध्ये अनपेक्षित काही आढळल्यास ते आपल्याला सांगितले जाणार का, हे मात्र आधी ठरवून घ्यावे. सगळीकडे सांगतातच असे नाही.

शांत_घर

थोडी वेगळी बाजू मांडते. माझ्या पतींना डोक्याला गंभीर मार लागला होता आणि आम्हाला असाच दीर्घकालीन अभ्यास सुचवला होता. आम्ही नकार दिला. स्मरणशक्तीच्या चाचण्यांच्या नुसत्या नमुन्यानंतरही ते दिवसभर झोपून राहत. आपल्याला काय जमत नाही हे अनोळखी माणसांपुढे पुन:पुन्हा सिद्ध करावे लागणे त्यांना सहन होत नव्हते. संशोधन मोलाचे आहे, याबद्दल वाद नाही. पण त्याची किंमत थकव्यात मोजली जाते आणि ती संमतीपत्राच्या ‘किरकोळ गैरसोयी’ या शीर्षकाखाली एका ओळीत संपते. माजी_समन्वयक यांना विचारावेसे वाटते, की चाचण्या तुकड्यांत घेणे किंवा घरी येऊन घेणे संस्थांना इतके जड का जाते?

माजी_समन्वयक

आपला आक्षेप रास्त आहे. गुणांची तुलना व्हायची तर सर्वांची चाचणी एकाच पद्धतीने व्हावी लागते, हे कारण खरे आहे; परंतु मधल्या विश्रांतीची वेळ नियमावलीत लिहून घेतली की अडचण राहत नाही. बहुतेक वेळा ती लिहिली जात नाही, कारण नियमावली तयार करताना इजा झालेल्या व्यक्तीला कोणी विचारलेलेच नसते. अलीकडे काही गट आरंभापासून अशा व्यक्तींना सल्लागार म्हणून घेऊ लागले आहेत. थोरली_बहीण यांनी तेही विचारावे.

थोरली_बहीण

सर्वांचे मनापासून आभार. हे सर्व मी भावाला दोन बैठकांत वाचून दाखवले. इंजेक्शनचा विषय त्याने स्वतःच बाजूला ठेवला. उत्तेजनाच्या चाचणीसाठी प्राथमिक तपासणीला जायचे आणि निरीक्षणाच्या अभ्यासाचे उत्तर तिथे किती थकवा येतो हे पाहून द्यायचे, असे त्याने ठरवले आहे. एक शंका उरली आहे: त्याच्या हातापायांतील ताठरपणासाठी बॅक्लोफेन चालू आहे आणि डॉक्टर डोस वाढवण्याच्या विचारात आहेत. त्याचा काही परिणाम होईल का?

चाकांवरून

होईल. ताठरपणाच्या औषधाचा डोस तपासणीपूर्वी काही आठवडे आणि चाचणी संपेपर्यंत स्थिर असावा, अशी अट बऱ्याच चाचण्यांत असते, कारण डोस बदलला की हाताची ताकदही वेगळी मोजली जाते. डोस वाढवणे गरजेचे असेल तर चाचणीसाठी ते लांबवू नका. आधी वाढवून घ्या आणि तपासणीची तारीख पुढची मागा. स्वतःहून औषध कमी किंवा बंद मात्र करू नका, बॅक्लोफेन एकदम थांबवल्यास झटके येऊ शकतात. आणि मूत्रमार्गात संसर्ग असेल त्या दिवशी तपासणीला जाऊ नका, ताठरपणा वाढलेला असतो आणि आकडे चुकीचे लागतात.