मदत हवी आहे : शब्बाथला आजीची गरम पाण्याची आंघोळ

शालोम मंडळी. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू, आता इस्राएलमध्ये अश्दोदला राहतो. आजी ८२ वर्षांची, मूळची रेवदंड्याची. थंडीत तिचे गुडघे फार दुखतात आणि गरम पाणी अंगावर घेतल्याशिवाय तिला चैन पडत नाही. पण शनिवारी शब्बाथ, म्हणजे आम्हा ज्यूंचा विश्रांतीचा पवित्र दिवस; त्या दिवशी पाणी तापवायला मनाई असते, म्हणून ती गरम नळाला हातही लावत नाही.

मला एवढं माहीत आहे : शुक्रवारी तापवलेल्या पाण्यानेही शब्बाथला पूर्ण अंघोळ करायला तालमूदमध्ये (आमच्या धर्मनियमांच्या जुन्या ग्रंथात) मनाई आहे, कारण हमामवाले शब्बाथलाच पाणी तापवून ‘कालचंच आहे’ म्हणू लागले होते. तोंड, हात, पाय धुतलेले चालतात. इथल्या तिबेरिया गावच्या गरम झऱ्यांना सूट आहे, तिथलं पाणी कोणी चुलीवर तापवत नाही ना!

आमच्या गच्चीवर सौर बंब आहे. गरम नळ सोडला की टाकीत गार पाणी शिरतं आणि तेही तापतं, अडचण तीच : शब्बाथला पाणी तापवल्यासारखं होतं. यावर रब्बींची (धर्मगुरूंची) मतं वेगवेगळी आहेत.

दुखणाईताला सवलत असते असं ऐकलंय. ती गुडघेदुखीला लागू होते का? शुक्रवारी थर्मासमध्ये भरून ठेवलेलं पाणी पुरेल का? कोणी आपल्या रब्बींना विचारलं असेल तर कृपया सांगा. आजीचं मन मोडायचं नाहीये, आणि तिचं दुखणंही बघवत नाही.