समष्टी : मोजलेली आणि गृहीत

खारघरहून प्रश्न : एम.एस्सी.च्या संख्याशास्त्राच्या टिपणांचं मराठी करतेय. 'पॉप्युलेशन'ला 'लोकसंख्या' लिहीत गेले आणि भाताच्या वाफ्यांपाशी अडले. वाफ्यांची लोकसंख्या कशी म्हणायची? आणि सर्वेक्षणातलं पॉप्युलेशन नि प्रयोगातलं, दोन्ही एकच का?

ठाण्याहून : ताई, लोकसंख्या जनगणनेपुरती ठेवा. संख्याशास्त्रात 'समष्टी' रुळलाय, व्यष्टीच्या (एकेकट्या घटकाच्या) जोडीतला; म्हणजे ज्यांच्याबद्दल निष्कर्ष काढायचा ते सगळे मिळून. माणसं, वाफे, बल्ब, सगळ्यांना चालतो.

तुमचा दुसरा प्रश्न जास्त मोलाचा. मुरबाड तालुक्यात भात हेक्टरी किती पिकला हे काढायचं, तर समष्टी म्हणजे तालुक्यातली सगळी भातखाचरं. ती आधीच आहेत, सर्व्हे नंबरांनी मोजता येतात. नमुन्यात कोणती घ्यायची ते चिठ्ठी ठरवते.

आता कर्जतच्या कृषी संशोधन केंद्रात दोन वाणांची तुलना करायचीय. वाफे तिथल्याच आवारातले, कुठल्या यादीतून निवडलेले नाहीत. इथेही चिठ्ठी आहे, पण ती ठरवते कुठल्या वाफ्यात कुठला वाण. मग समष्टी कुठली? हाच प्रयोग त्याच परिस्थितीत कितीही वेळा केला असता तर जी उत्पादनं हाती आली असती, ती सगळी. संख्याशास्त्रज्ञ फिशर यांनी १९२२च्या निबंधात तिला अनंत आणि मनात कल्पिलेली म्हटलंय. 'काल्पनिक' लिहिलं की खोटी वाटते. मी 'गृहीत समष्टी' लिहितो.

मुरबाडहून : आमच्याकडे तर 'पीक कापणी प्रयोग' म्हणतात. आमच्या खाचरात दोरीने चौकोन आखला, तेवढाच भात कापला, झोडला, तिथेच वजन केलं. हा प्रयोग की सर्वेक्षण?

ठाण्याहून : दादा, नाव प्रयोगाचं, काम सर्वेक्षणाचं. तुमच्या शेतात मोजणाऱ्यांनी नवं खत घातलं नाही की वाण बदलला नाही. पिकलं ते मोजलं. पां. वा. सुखात्मे आणि वि. गो. पानसे या आपल्याच दोन संख्याशास्त्रज्ञांनी १९४०च्या दशकात ही पद्धत देशात रुजवायला फार कष्ट घेतले.

खारघरहून : म्हणजे कर्जतच्या वाफ्यांवरून 'हा वाण त्या वाणापेक्षा सरस' म्हणता येईल, पण 'मुरबाडात सरासरी इतका पिकेल' नाही?

ठाण्याहून : बरोबर. त्यासाठी मुरबाडची खाचरं निवडूनच बघायला हवीत.

खारघरहून : मग प्रयोगाच्या प्रकरणात पहिल्या वेळी 'गृहीत समष्टी' लिहिते, पुढे नुसतं 'समष्टी'.