कॅट : इंग्रजी उतारे वेळेत होत नाहीत, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी चाकणला एका कारखान्यात क्वालिटीला आहे. शिक्षण मेकॅनिकल, पण दहावीपर्यंत तासगावकडे मराठी माध्यम. नोव्हेंबरअखेरीस दुसऱ्यांदा कॅट, म्हणजे आयआयएमच्या एमबीएची प्रवेश परीक्षा, देतोय. गणित बरं आहे, डीआयएलआरचे (तक्ते-आकडे आणि तर्काचा भाग) दोन-तीन सेट सुटतात. गाडं अडतं ते व्हीएआरसीत, म्हणजे इंग्रजीच्या भागात, आणि तिथेही उताऱ्यांत.

40 मिनिटांत 24 प्रश्न, त्यातले 16 चार उताऱ्यांवरचे. माझे जेमतेम तीन उतारे होतात. परवाच्या मॉकमध्ये (सराव परीक्षेत) वस्तुसंग्रहालयांवरचा उतारा होता. तिसऱ्याच वाक्यात 'नॉट अनलाइक' आलं. दोन नकार, म्हणजे 'सारखंच', असं मनात मराठीत लावून पुढे गेलो, तर पुढच्या ओळीत 'येट', म्हणजे 'तरीही'. लेखक स्वतःचंच म्हणणं खोडतोय की दुसऱ्या कुणाचं, हे कळेना. परत वर गेलो. त्या एकाच उताऱ्याला 14 मिनिटं गेली. चारपैकी दोन पर्याय झटकन उडतात, उरलेल्या दोनांत मी हमखास चुकीचा धरतो. नंतर उत्तरं तपासताना दिसतं, की मी निवडलेली गोष्ट खरी असते, पण लेखक ती म्हणालेला नसतो. बरोबरला 3, चुकलं की 1 वजा, त्यामुळे तेही अंगावर येतं.

'रोज इंग्रजी अग्रलेख वाचा' हा सल्ला चार महिने मनापासून पाळला. सेकंड शिफ्ट असली तरी घरी येऊन एक तरी वाचतोच. अग्रलेख आता भरभर वाचून होतात, मॉकमधले गुण मात्र हलत नाहीत. बातमीतला विषय ओळखीचा असतो, तत्त्वज्ञान किंवा कलेवरचा नसतो, म्हणून असेल का?

मराठी माध्यमातून येऊन ज्यांनी हा भाग सोडवलाय, त्यांना मनापासून विचारतो : डोक्यातलं भाषांतर कशाने थांबलं? आणि सध्या तीनच उतारे नीट करून चौथा सोडावा का? टायटाला (पर्याय नसलेले, उत्तर टाइप करायचे प्रश्न) उणे गुण नाहीत, म्हणून ते प्रश्न आधी उरकावेत, असं मित्र म्हणतो.

दुसरा प्रश्न सीईटीचा, म्हणजे महाराष्ट्राच्या एमबीए प्रवेश परीक्षेचा. तिथे 150 मिनिटांत 200 प्रश्न, त्यातले 75 लॉजिकल रीझनिंगचे आणि इंग्रजीचे 50च. चुकीला वजाबाकी नाही. जमनालाल बजाज, सिडनहॅम ही मुंबईची मॅनेजमेंट कॉलेजं तिच्यावर मिळू शकतात, माझ्यासाठी तेही फार मोठं आहे. पण तिथे एका प्रश्नाला पाऊण मिनिट आणि कॅटमध्ये एकाच सेटवर दहा मिनिटं ठाण मांडायचं. दोन्हींचा सराव एकदम केला तर हात बिघडतो का? आयआयएम प्रत्येक भागाचं पर्सेंटाइल वेगळं बघतात, त्यामुळे गणितावर इंग्रजी झाकता येत नाही. तरीही कॅट सोडून द्यावीशी वाटत नाही.

क्लास शिफ्टमुळे जमत नाही. रात्रीचे दोन तास आणि रविवारची मॉक, एवढंच हातात आहे. कुणाला बघायचे असतील तर मागच्या सहा मॉकचे भागवार गुण खाली प्रतिसादात देतो.