डायलिसिसच्या रुग्णाला सेफेपिम सुरू झाल्यावर भ्रम: कारण औषध असेल का?

प्रश्न:
माझ्या आईचे तीन वर्षांपासून आठवड्यातून तीनदा डायलिसिस होते. न्यूमोनियासाठी तिला सेफेपिम हे प्रतिजैविक १ ग्रॅम दर १२ तासांनी सुरू केले. चौथ्या दिवशी चहाचा कप तिच्या हातातून सुटला, हातांना झटके येऊ लागले. मी घड्याळ दाखवले तेव्हा ‘घड्याळ’ म्हणाली, मग चमचा, चष्मा, जे दाखवू त्याला ‘घड्याळ’च. सीटी स्कॅन व साखर ठीक आहे. युरिया वाढला असेल असे सांगतात, पण डायलिसिसची एकही पाळी चुकलेली नाही.

उत्तर (नेफ्रॉलॉजिस्ट):
आपली शंका रास्त आहे. सेफेपिमचा सुमारे ८५ टक्के भाग मूत्रपिंडावाटेच बाहेर पडतो. त्याचा अर्धायुकाल (शरीरातील औषध निम्मे होण्यास लागणारा वेळ) निरोगी माणसात दोन तासांचा, तर डायलिसिसच्या रुग्णात सुमारे साडेतेरा तासांचा असतो. साचलेले औषध मेंदूतील ‘गाबा’ या शांतवणाऱ्या यंत्रणेला अडवते, म्हणूनच हे झटके व असंबद्ध बोलणे. हेमोडायलिसिसवर प्रचलित मात्रा पहिल्या दिवशी १ ग्रॅम, नंतर बहुतेक संसर्गांत रोज ५०० मिलिग्रॅम, आणि डायलिसिसच्या दिवशी ती डायलिसिसनंतर, अशी आहे. आजच ईईजी (मेंदूतील विद्युत लहरींची तपासणी) करण्याचा आग्रह धरा, कारण बाहेरून न दिसणारी फिट चालू असू शकते; अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने, एफडीएने, जून २०१२मध्ये नेमका हाच इशारा दिला होता. औषध मात्र स्वतःहून थांबवू नका, न्यूमोनियाला पर्याय लागेलच.

उत्तर (रुग्णाचा मुलगा):
वडिलांना एर्टापेनेम या दुसऱ्या प्रतिजैविकाने असेच झाले होते, तेही मात्रा कमी केलेली असताना. त्यांना सावरायला दोन आठवडे लागले, म्हणून मात्रा बरोबर होती एवढ्यावर समाधान मानू नका.

प्रश्नकर्ता:
ईईजीत दोष निघाला. काल औषध बदलून जादा डायलिसिस केले, आज आईने मला नावाने हाक मारली. डिस्चार्ज कार्डावर ‘सेफेपिमची ॲलर्जी’ असे लिहून घेऊ का?

उत्तर (नेफ्रॉलॉजिस्ट):
बरे वाटले. मात्र ‘ॲलर्जी’ हा शब्द लिहू देऊ नका. ही ॲलर्जी नव्हे, मात्रेशी निगडित विषबाधा आहे. तसे लिहिले तर पुढे कॅथेटरच्या संसर्गात डायलिसिसनंतर सहज देता येणारे, याच गटातले सेफाझोलिनही कोणी देणार नाही. ‘सेफेपिममुळे मेंदूवर परिणाम, डायलिसिसवर असताना’ असे औषधाच्या मात्रेसह लिहून घ्या.