डिमसम-नूडल्सच्या हॉटेलात: ठाणे-नवी मुंबईकरांचे अनुभव

पाचपाखाडी, ठाणे

घोडबंदर रोड, सीवूड्स, वाशी, खारघर, कुठेही जा, गेल्या काही वर्षांत डिमसम (सारण भरलेले, बहुधा वाफवलेले छोटे चिनी पदार्थ) आणि नूडल्स देणारी बेताच्या थाटाची रेस्टॉरंटं बरीच झाली आहेत. घरच्या सगळ्यांना घेऊन जावं अशी. मेनू हातात आला की मात्र बहुतेक टेबलांवर एकच होतं. नावं वर-खाली वाचायची आणि शेवटी हक्का नूडल्स, मंचुरियन सांगून मोकळं व्हायचं. दोन्ही मलाही आवडतात. पण शेजारच्या टेबलावर बांबूच्या टोपलीचं झाकण उघडतं, वाफ येते, आणि आपल्याला त्यातलं काही मागवायचं धाडस होत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

म्हणून विचारते आहे. तुम्ही काय खाल्लंत, कोणाबरोबर गेला होतात, शाकाहारी माणसांचं काय झालं, आईवडिलांना झेपलं का, सगळं मोकळेपणी लिहा. तक्रारही लिहा, फक्त हॉटेलचं नाव नको. माझं मत आधीच सांगून टाकते: हे जेवण एकदम सगळं मागवून टेबल भरून खायचं नाही. दोन टोपल्या मागवायच्या, संपवायच्या, मग पुढच्या. असं खाल्लं तरच त्यातली मजा कळते. तुम्हाला पटतं का, तेही सांगा.

सीवूड्स

पटतं. सासूबाईंना घेऊन गेले होते. त्या नाशिकच्या, हॉटेलात गेलं की डोसा, फार तर पावभाजी. मी हार गाव मागवले, म्हणजे कोळंबीचे ते पारदर्शक डिमसम. त्या मासे-कोळंबी खातात, त्यामुळे तो प्रश्न नव्हता. पण आवरणातून आतली गुलाबी कोळंबी दिसत होती, तिकडे त्या बघतच राहिल्या. "हे मैद्याचं नाही गं," म्हणाल्या. एक तुकडा तोडून बोटांत दाबून पाहिला आणि म्हणाल्या, "हा चीक आहे. गव्हाचा."

मी वेटरला विचारलं, त्याने आत जाऊन विचारलं. खरंच, गव्हाचा स्टार्च आणि टॅपिओकाचा स्टार्च, त्यावर उकळतं पाणी ओतून मळलेलं. ज्या बाईने आयुष्यभर उन्हाळ्यात गहू तीन दिवस भिजवून, वाटून, गाळून, खाली बसलेला चीक शिजवून कुरडया घातल्या, तिला ते बोटांनीच कळलं. आणि टॅपिओका म्हणजे ज्या कंदापासून आपला साबुदाणा होतो तोच. उरलेलं सगळं जेवण त्या चवीने जेवल्या. ते आवरण किती पातळ लाटलंय, कुठे फाटलं नाही, कडेला किती बारीक चुण्या घातल्यात, हे मला दाखवत होत्या. माझं तिकडे कधी लक्षच गेलं नव्हतं. आता त्या हॉटेलात जायचं म्हटलं की आधी साडी बदलून तयार असतात.

ऐरोली

मी हेच काम करतो, म्हणून लिहितो. नवी मुंबईतल्याच एका किचनमध्ये डिमसम सेक्शनला आहे. मूळ सातारा जिल्हा. शिकलो दार्जिलिंगच्या एका उस्तादाकडून. आमच्या सेक्शनला निम्मी पोरं तिकडची आणि ईशान्येकडची आहेत.

ताईंच्या सासूबाईंना माझा नमस्कार. तो चीक मळताना पाणी उकळतंच लागतं. जरा कोमट झालं की पीठ एकजीव होत नाही. मळल्यावर गोळा ओल्या फडक्याखाली ठेवायचा, नाहीतर दोन मिनिटांत वर साल धरते. आम्ही तो लाटत नाही. रुंद पात्याच्या चॉपरला तेलाचं बोट लावायचं, छोट्या गोळीवर पातं आडवं दाबून गोल फिरवायचं, की पातळ चकती पडते. एक कड जाड राहिली तर ती शिजत नाही, फार पातळ झाली तर वाफेत फाटते. चुण्या सातच्या खाली नकोत. माझे उस्ताद तेरा घालायचे.

हे सगळं सांगायचं कारण वेगळं आहे. टोपली टेबलावर आली की बोलत बसू नका. हा स्टार्च गार झाला की पारदर्शकपणा जातो, आवरण चिवट होतं आणि खालच्या कागदाला चिकटतं. फोटो काढा, पण एकच काढा. आणि घरी मागवू नका. डिलिव्हरीच्या डब्यात अर्धा तास फिरलेला हार गाव बघून आम्हालाच वाईट वाटतं. घरी मागवायचं असेल तर मैद्याच्या आवरणाचे तळलेले किंवा पॅनवर खालून खरपूस केलेले मागवा, ते तग धरतात. नूडल्सचं सूप मागवलंत तर नूडल्स आणि रस्सा वेगळ्या डब्यांत द्यायला सांगा. सांगितलं तर देतात.

अजून एक. वेटरला विचारा, "इथेच भरता का?" काही ठिकाणी तयार, गोठवलेले येतात आणि फक्त उकडून देतात. त्यात गुन्हा काही नाही, पण पैसे मोजताना तुम्हाला माहीत असावं.

नौपाडा

आम्ही पूर्ण शाकाहारी, वर सोमवारी कांदा-लसूणही नाही. शाकाहारी लोकांनी फक्त "व्हेज" या शब्दावर जाऊ नये, एवढं कळकळीने सांगते. ऑयस्टर सॉस म्हणजे कालवांचा अर्क. भाजीत, नूडल्समध्ये चमचाभर घातला की वरून काही दिसत नाही. फिश सॉसचंही तसंच. क्लिअर सूपला चिकनचा स्टॉक असू शकतो. एका रेस्टॉरंटमध्ये "व्हेज" म्हणून आलेली ब्रोकोली ऑयस्टर सॉसमध्ये परतलेली निघाली. विचारल्यावर "थोडासाच घालतो मॅडम" असं उत्तर मिळालं. आई काही बोलली नाही, पण नंतर तिने काही खाल्लं नाही. तो दिवस मला अजून लागतो.

उलट दुसऱ्या एका ठिकाणी मॅनेजरने स्वतः येऊन सांगितलं की उकडायच्या टोपल्या एकावर एक रचतात, तुमच्यासाठी व्हेजच्या वेगळ्या रचून, वेगळ्या भांड्यावर ठेवतो. मशरूमचे, पाणशिंगाड्याचे, टोफू-पालकाचे डिमसम खाल्ले. शिंगाड्याचा तो करकरीतपणा आईला फार आवडला. इतकं नीट विचारून-सांगून वाढणाऱ्याकडे आपण परत जातोच.

कळवा

छोटा प्रतिसाद. मुलाला कोळंबीची ॲलर्जी आहे. एकाच टोपलीत मिक्स डिमसम मागवू नका, आणि सिउ माय नावाचा डिमसम "चिकनचा" लिहिला असला तरी विचारा. मूळ पद्धतीत डुकराचं मांस आणि कोळंबी असते. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी चिकन घालतात, पण काही जण सोबत कोळंबीही घालतात. शेंगदाणा, तीळ, सोया यांचंही आधीच सांगा. ऑर्डर घेणाऱ्याने ते कागदावर लिहिलं का, हे मी बघूनच घेतो.

बेलापूर

मी बोटीवर नोकरी केली, आता निवृत्त. हाँगकाँगला बोट लागली की सकाळी आम्ही काही जण डिमसमला जायचो. तिकडे डिमसम म्हणजे रात्रीचं जेवण नाही. सकाळपासून दुपारपर्यंत चहाबरोबर खायचं. जायचं असतं चहा प्यायला, त्याला ते यम चा म्हणतात. आजोबा वर्तमानपत्र घेऊन बसलेले, सून पोराला भरवते आहे, रविवारी तर तीन-तीन पिढ्या एका गोल टेबलाभोवती. जुन्या हॉटेलांत बायका ढकलगाडीवर टोपल्या घेऊन टेबलांमधून फिरायच्या. झाकण उघडून दाखवायच्या, हवं ते उचलायचं, आणि टेबलावरच्या कार्डावर शिक्का पडायचा. पहिल्या पोस्टमध्ये ताई म्हणतात ते "थोडं थोडं" तिथे आपोआपच व्हायचं, कारण गाडी येईल तेव्हाच खायला मिळणार.

चहा बिनदुधाचा, बहुतेक पु-अर किंवा जास्मिन. शेजाऱ्याचा कप भरल्याशिवाय आपला भरायचा नाही. कोणी आपल्या कपात ओतलं की दोन बोटं वाकवून टेबलावर हलकेच टेकवायची, तो धन्यवाद. एक बादशहा वेषांतर करून फिरताना नोकराच्या कपात चहा ओतायचा आणि नोकर उघड नमस्कार करू शकत नसल्याने बोटांनीच वाकायचा, अशी कथा त्यामागे सांगतात. किटली रिकामी झाली की झाकण तिरकं ठेवायचं, कोणीतरी येऊन गरम पाणी भरून जातं.

इथे वाशीला आणि सीवूड्सला मी तसाच चहा मागवतो. बरेच लोक कोल्ड्रिंक घेतात. एकदा डिमसमबरोबर कोरा, गरम चहा घेऊन बघा. तेलकटपणा जिभेवरून निघून जातो आणि पुढच्या घासाची चव नव्याने लागते.

वर्तकनगर

सगळे टोपल्यांबद्दल लिहितायत, मी रस्त्यावरच्या चायनीजच्या गाडीच्या बाजूने बोलतो. ट्रिपल शेजवान, चायनीज भेळ, पेटत्या कढईचा तो आवाज, हे आपलं आहे आणि मला त्याचा अभिमान आहे. चिकन मंचुरियन मुंबईतच, १९७५ च्या सुमारास, नेल्सन वांग यांनी क्रिकेट क्लब ऑफ इंडियात बनवलं असं सांगितलं जातं. ते कोलकात्यात जन्मलेले चिनी वंशाचे. चीनमध्ये जाऊन मंचुरियन शोधाल तर मिळणार नाही. तेव्हा रेस्टॉरंटमध्ये मंचुरियन मागवणाऱ्याकडे कोणी खालच्या नजरेने बघू नये. हार गावही खातो, पण कॉलेजच्या दिवसांत खिशाला परवडलं ते गाडीवरचंच.

घणसोली

पोटाची आणि "आजिनोमोटो"ची भीती खूप जण बोलून दाखवतात. मी अन्नतंत्रज्ञान शिकवते. आजिनोमोटो म्हणजे मोनोसोडियम ग्लुटामेट. त्यातलं ग्लुटामेट १९०८ मध्ये जपानचे किकुनाए इकेडा यांनी कोंबू या समुद्री शेवाळाच्या रश्शातून वेगळं काढलं. ग्लुटामेट पिकलेल्या टोमॅटोतही असतं. बेताच्या प्रमाणात बहुतेकांना त्याने अपाय होत नाही. कोणाला त्रास जाणवत असेल तर त्याने जरूर टाळावं. पण ज्यांना रक्तदाब आहे त्यांनी सोया सॉसकडे जास्त लक्ष द्यावं, त्यात मीठ भरपूर असतं. टेबलावरच्या वाटीत डिमसम बुडवून ठेवू नका, टोक लावा. आणि ज्यांना गहू चालत नाही त्यांनी लक्षात ठेवा, नेहमीच्या सोया सॉसमध्येही गहू असतो.

कासारवडवली

तक्रार लिहितो, नाव लिहीत नाही. रविवारची रात्र, तासभर वेटिंग, ते समजू शकतो. सगळे डिमसम, नूडल्स, राइस एकाच फेरीत आणून टेबलावर ठेवलं. "एकेक आणा" असं सांगितलेलं होतं. निम्मं गार झालं. वर बिलात १० टक्के सर्व्हिस चार्ज. काढा म्हटलं तर "सिस्टीममधून निघत नाही." केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या जुलै २०२२ च्या सूचना स्पष्ट आहेत, बिलात सर्व्हिस चार्ज आपोआप लावता येत नाही, आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्या कायम ठेवल्या. मी तिथेच १९१५ या ग्राहक हेल्पलाइनचा नंबर लावायला घेतला, तेव्हा सिस्टीममधून निघाला. जीएसटी वेगळा, तो द्यावाच लागतो.

वाढणाऱ्या मुलाच्या हातात मी शंभर रुपये वेगळे दिले. त्याचा काही दोष नव्हता, तो बिचारा एकटा आठ टेबलं सांभाळत होता.

मानपाडा, ठाणे

आम्ही मालवणकडचे. दान दान नूडल्स मागवल्या होत्या, वर तिखट तेल, खिमा. पहिल्या घासाला जिभेला मुंग्या आल्या आणि बाबा म्हणाले, "अरे, हेच्यात तिरफळां घातल्यानी!" आम्हाला वाटलं ते गंमत करतायत. पण या नूडल्समध्ये पडणारी चीनच्या सिचुआन प्रांताची ती मिरी आणि बांगड्याच्या तिखल्यात पडणारं आपलं तिरफळ एकाच वंशातली (जीनस), झँथोझायलम. दोन्हीकडे आतली काळी बी फेकतात आणि साल वापरतात. सिचुआनची जरा लिंबासारखी वासाला, आपली जास्त उग्र.

बाबांनी मग वेटरला बोलावून पाच मिनिटं तिरफळाबद्दल सांगितलं. तो मुलगा मिझोरमचा. तो म्हणाला, आमच्याकडेही तसलंच काहीतरी असतं, आई भाजीत घालते. दोघांना एकमेकांची हिंदी अर्धीच कळत होती, पण बोलणं चांगलं लांबलं. परत गेलो तेव्हा बाबांनी खिशातून छोटी पुडी काढून त्याला दिली. गावची सुकी तिरफळं. त्याने हुंगली, मान हलवली आणि पुडी घेऊन आत शेफकडे गेला.

पाचपाखाडी, ठाणे

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. ऐरोलीच्या दादांना एक विचारायचं राहिलं. आमच्या आजोबांची पंच्याहत्तरी आहे, चीनमध्ये वाढदिवसाला दीर्घायुष्यासाठी लांब, न तोडलेल्या नूडल्स करतात असं वाचलंय. आजोबांना कवळी आहे. त्यांना तशा मऊ, रश्शातल्या करून मिळतील का?

ऐरोली

मिळतील ताई. आदल्या दिवशी फोन करून सांगा, ऐन वेळी नको. नूडल्स जरा जास्त शिजवायला सांगा आणि भांडं खोल घ्या, म्हणजे रस्सा जास्त बसेल. सोबत डिमसम द्यायचे तर हार गावच द्या, गरम असतानाच खाल्ले तर कवळीला फारसा त्रास होत नाही. फक्त दोनच मागवा, ते संपले की पुढचे दोन.