अकरावीच्या मानसशास्त्राची सुरुवात फ्रॉइडपासून करावी का? (सोलापुरातील चौघांची चर्चा; प्रत्येकाच्या म्हणण्यावर नावाऐवजी परिसर दिला आहे)

सात रस्ता
मी सोलापुरात अकरावीला मानसशास्त्र शिकवते. आपल्याकडे बहुतेक शिक्षक वर्षाचा आरंभ मनोविश्लेषणाचे जनक फ्रॉइड यांच्यापासून करतात, कारण अबोध मन म्हटले की मागच्या बाकावरची मुलेही मान वर करतात. मला हा क्रमच चुकीचा वाटतो. गेल्या जानेवारीत मी वर्गाला विचारले की, गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेतल्या जत्रेच्या, दिवसांत घरोघरी खोकला वाढलेला दिसला, तर गड्डा हे खोकल्याचे कारण मानावे का. इदम्, अहम् आणि पराहम् या फ्रॉइडने मांडलेल्या मनाच्या तीन भागांच्या व्याख्या घडाघडा म्हणणाऱ्या मुलांनी "हो, तिथे धूळ असते" असे सांगून प्रश्न मिटवला. थंडीही नेमकी तेव्हाच असते, हे एकट्या मुलीला सुचले. आणि जे गड्ड्याला गेलेच नाहीत, त्यांना खोकला झाला का हे आधी पाहावे, असे तर कोणीच म्हटले नाही. जर्मन मानसशास्त्रज्ञ वुंट यांनी १८७९ मध्ये लाइपझिगला प्रयोगशाळा काढली, तेव्हापासून हा विषय स्वतंत्र शास्त्र म्हणून मोजला जातो. म्हणून संशोधन पद्धती आधी शिकवाव्यात आणि फ्रॉइडला वर्षाच्या शेवटी एक तास द्यावा, असे माझे मत आहे.

टिळक चौक
हाच विषय आयुष्यभर शिकवून मी निवृत्त झालो आहे आणि आपल्याशी मुळीच सहमत नाही. फ्रॉइड यांचे सिद्धान्त बाजूला ठेवा. पण रुग्णाला पुरते बोलू द्यावे आणि त्याच्या बोलण्याला अर्थ आहे असे धरून चालावे, ही दृष्टी त्यांच्यामुळे रुजली. फ्रॉइड आणि त्यांचे सहकारी डॉक्टर ब्रॉयर यांच्या १८९५ च्या उन्मादावरील पुस्तकात ब्रॉयर यांची रुग्ण 'ॲना ओ.' आहे, 'बोलण्याचा उपचार' हा शब्दप्रयोग तिचाच. आपल्याकडे गिरींद्रशेखर बोस यांनी १९२२ मध्ये कोलकात्यात मनोविश्लेषण संस्था काढली आणि फ्रॉइड यांच्याशी पत्रांतून वादही घातला. हा सगळा इतिहास एका तासात उरकायचा असेल, तर न शिकवलेला बरा.

जुळे सोलापूर
सरांनी ॲना ओ.चे उदाहरण दिले, म्हणून लिहितो. तिचे खरे नाव बेर्टा पापेनहाइम. फ्रॉइड यांनी तिच्यावर कधी उपचार केलेच नाहीत आणि बोलण्याने बरी झाली म्हणून जिची ख्याती, तिला १८८२ मध्ये स्वित्झर्लंडमधील क्रॉइत्सलिंगेनच्या आरोग्यधामात दाखल करावे लागले होते. पुढे ती खंबीर समाजकार्यकर्ती झाली, ही गोष्ट वेगळी. पण एका रुग्णाची कहाणी, तीही उपचार करणाऱ्यानेच लिहिलेली, पुरावा म्हणून किती धरावी, हे मुलांना आधी कळायला नको का? प्रयोगांचीही तीच गत आहे. मानसशास्त्राच्या नामांकित नियतकालिकांतील १०० अभ्यास पुन्हा करून पाहिल्याचा अहवाल २०१५ मध्ये आला, तेव्हा जेमतेम ३६ टक्के पुनरावृत्तींत सांख्यिकीदृष्ट्या लक्षणीय, म्हणजे निव्वळ योगायोग म्हणून सहज सोडून देता येणार नाही असा, निष्कर्ष मिळाला. ही आकडेवारी मला पदवी हातात पडल्यावर कळली, याचा राग अजून गेलेला नाही.

अशोक चौक
मी समुपदेशक आहे आणि माझ्याकडे विडी वळणाऱ्या बायका पुष्कळ येतात. नैराश्यासाठी नऊ प्रश्नांची एक प्रचलित प्रश्नावली आहे. गेल्या दोन आठवड्यांत उदास वाटले का, कामातला रस गेला का, असे ती विचारते. एका बाईंनी दोन्ही प्रश्नांना "नाही" म्हटले. प्रश्नावली मिटून मी गप्प बसले, तेव्हा त्या आपणहून सांगू लागल्या की, पूर्वी दिवसाला हजार विड्या सहज व्हायच्या, आता पाचशेला हात थांबतात, पान कापताना कात्री कुठे ठेवली तेच आठवत नाही आणि पहाटे तीनला जाग येते ती येतेच. त्यांचे घर तेलुगू बोलणारे. 'रस' म्हणजे त्यांच्या लेखी उसाचा. प्रश्नावलीच्या गुणांवर विसंबले असते, तर त्या ठणठणीत ठरल्या असत्या. त्यामुळे सात रस्त्यावरच्या बाईंना माझे सांगणे आहे की, मोजमापाची पद्धत आधी शिकवा, पण ऐकणे हीसुद्धा पद्धतच आहे आणि तिच्यासाठी एक तास पुरत नाही. व्याधींच्या याद्याही माणसेच करतात: अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने समलैंगिकता आपल्या यादीतून काढली ती १९७३ मध्ये.

टिळक चौक
आरोग्यधामाचा तपशील मी वर्गात कधीच सांगितला नाही, हे मान्य करतो. तरीही अशोक चौकातील बाई जे करतात, त्याला माझ्या पिढीने फ्रॉइड वाचूनच नाव दिले, एवढे म्हणण्याचा हक्क मी राखून ठेवतो.

सात रस्ता
एक तास हा हिशेब मी मागे घेते. क्रम मात्र सोडणार नाही. ॲना ओ. आता संशोधन पद्धतींच्या पाठातच येईल, व्यक्ती-अभ्यास म्हणून, आरोग्यधामासकट. दुसरे असे की, माझ्या वर्गात मराठी, कन्नड आणि तेलुगू अशा तिन्ही घरांतील मुले आहेत. 'कामातला रस गेला का' हा एकच प्रश्न प्रत्येकाने आजीच्या भाषेत लिहून आणायचा आणि दुसऱ्याने तो, मूळ न पाहता, पुन्हा मराठीत आणायचा, असा पहिला प्रात्यक्षिक तास मी सोमवारी घेणार आहे. अशोक चौकातील बाईंना सवड असेल, तर त्यांनी मागच्या बाकावर येऊन बसावे.