संडासासाठी कर्ज : बचत गट की फायनान्स?

माळरान : बीड जिल्हा. आमच्या रानात कामाला येणाऱ्या काकू नवऱ्याबरोबर दरवर्षी कोयता घेऊन कारखान्यावर जातात. मागे म्हातारी सासू आणि दहावीतली मुलगी. सासूबाईंचा खुबा मोडलाय, टमरेल घेऊन ओढ्यापर्यंत जाणं आता जमत नाही. घरी संडास नसलेल्यांच्या २०१२ च्या पाहणीत नाव सुटलं, म्हणून अनुदान नाही मिळालं. गवंडी ३५ हजार सांगतोय. फायनान्सवाला १२ टक्क्यांनी ३० हजार देतो, दोन वर्षं. गटात महिन्याला शेकडा दोन. फायनान्स स्वस्त ना?

हिशेबी : वाटतं तेवढं नाही. त्याचे १२ टक्के फ्लॅट असणार, विचारून बघा. ३० हजारांवर दोन वर्षांचं व्याज ७,२०० आणि हप्ता १,५५०. मुद्दल फिटत गेलं तरी व्याज पहिल्या दिवसाच्या रकमेवरच, म्हणजे खरा दर साडेएकवीसच्या पुढे. गटात उरलेल्या मुद्दलावर शेकडा दोन धरलं तर ७,५०० होतात. फरक ३०० रुपयांचा, आणि ते व्याज गटातच राहतं. फायनान्सकडून घेतलंच तर दराचा छापील कागद मागा. २०२२ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानं तो द्यावा लागतो, आणि मुदतीआधी फेडलं तर दंडही लावता येत नाही.

ओसरी : अनुदान सोडू नका! स्वच्छ भारतच्या दुसऱ्या टप्प्यात सुटलेल्या कुटुंबांनाही अर्ज करता येतो. भूमिहीन, अल्पभूधारक बसतात. १२ हजार मिळतात, पण बांधून झाल्यावर. म्हणून अर्ज आधी, खड्डा नंतर. पैसे आले की थेट मुद्दलात भरा.

गटातली ताई : ३५ हजार कसले? त्यानं सेप्टिक टँक आणि फरशी धरली असेल. दोन शोषखड्डे पुरे, मीटरभर रुंद, तेवढेच खोल, विटांत फटी ठेवून. तळाला काँक्रीट नको. एक भरला की दुसरा चालू करायचा, पहिल्याचं दीड-दोन वर्षांत खत होतं. तुमच्याकडे काळी जमीन असेल तर खड्डा चोहोबाजूंनी फूटभर जास्त रुंद खणून बाहेरून वाळू-खडी भरा, नाहीतर पावसाळ्यात पाणी मुरायचं नाही. भांडं जास्त उताराचं घ्या, दोन लिटरात साफ होतं. खुबा मोडलाय म्हणता, तर भिंतीत पाइपाचा दांडा आणि भांड्यावर ठेवायला मधे भोक असलेली खुर्ची हवीच. फरशीचे पैसे तिकडे घाला.

आणि हप्ता! कारखान्यावर असताना दरमहा कोण भरणार? आमच्या गटानं अशा बायकांना ठराव करून तेवढे महिने फक्त व्याज ठेवलं. निघायच्या आधी उचलीतून दोन हप्ते भरून जातात. फायनान्सवाला असं ऐकत नाही.

माळरान : गवंडी २२ हजारांवर आला. काकूंकडे चार हजार आहेत, गट १८ देतोय. अर्ज ग्रामसेवकाकडे दिला. दार आमच्या जुन्या गोठ्याचं निघालं, फक्त बिजागऱ्या बदलायच्या. कडी मात्र नवी हवी, आणि आतून, असं मुलीनं बजावलंय.